तीर्थ, व्रत आणि परिचारिका

कृष्णाकाठच्या पलूस तालुक्यात उसाची आणि द्राक्षांची सुबत्ता जशी प्रवाशाच्या डोळ्यांत भरते, तशीच दत्तोपासनेची खोल रुजलेली श्रद्धाही भरते. कारण नृसिंहसरस्वतींनी जेथे एक चातुर्मास व्यतीत केला असे परंपरा सांगते, ते औदुंबर क्षेत्र याच तालुक्यात आहे, आणि गुरुवारचा उपवास, अनवाणी पायांनी केलेले दर्शन व घरी आणलेले तीर्थ या गोष्टी येथील संसाराच्या नित्यक्रमात मिसळून गेलेल्या आहेत. त्याच संसारात आता मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाचा कागद आणि शीतकपाटात दुधाशेजारी ठेवलेली इन्शुलिनची कुपीही आली आहे. या दोन नित्यक्रमांची जेथे गाठ पडते, तेथे परिचारिकेपुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ वैद्यकाचा नाही: रुग्णाच्या श्रद्धेसमोर तिने आदराने मौन पाळावे, की बोलणे हाच तिचा धर्म आहे?

आपल्याकडे सेवेची कल्पना बहुधा मूक आहे. पाय चेपणारा, उशाशी जागणारा, एक शब्द न बोलता राबणारा तो सेवक, अशी आपली समजूत. आणि परिचारिकेविषयी गौरवाने बोलणारे वक्तेही तिच्या ममतेची स्तुती करून थांबतात, तिच्या ज्ञानाचा दाखला क्वचितच देतात. आयुर्वेदाचार्य चरकाची दृष्टी याहून पुष्कळ करडी होती. चिकित्सेचे चार पाद सांगताना त्याने वैद्य आणि औषध यांच्या पंक्तीला परिचारक व रुग्ण यांना बसविले, आणि परिचारकाच्या गुणांत अनुराग व शौच यांच्या जोडीला उपचारज्ञता आणि दक्षता यांचीही अपेक्षा केली. रुग्णाकडूनही त्याने चार गुण मागितले आहेत: स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपल्याला काय होते आहे ते नीट कळविण्याचे सामर्थ्य. आता ज्याला कोणी काही समजावूनच सांगितले नाही, तो स्मरणात काय ठेवणार आणि कोणत्या लक्षणाची वर्दी देणार? चरकाने रुग्णावर टाकलेली ही जबाबदारी परिचारकाने शिकविल्यावाचून पार पडणारी नाही, असे मला वाटते.

अर्धांगाचा झटका आलेल्या वृद्धाच्या मुखात आप्तमंडळी मोठ्या भक्तिभावाने तीर्थ घालतात. त्याची गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असते, तो उताणा पडलेला असतो, आणि ते पवित्र पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला दाह उत्पन्न करू शकते. जी परिचारिका ‘येथे देवधर्म चालणार नाही’ असे फर्मावते, तिचा हुकूम ती पाठमोरी होताच मोडला जातो; जी काहीच बोलत नाही, तिच्या सौजन्याची किंमत रुग्ण भरतो; आणि जी शांतपणे सांगते की, बोट भिजवून ओठांना लावा, देवाला तेवढे पोहोचते, ती श्रद्धा आणि श्वास या दोहोंचेही रक्षण करते. उपवासाचेही असेच आहे. इन्शुलिन किंवा रक्तातील साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन दिवसभर निराहार राहिले, तर घाम, कंप, भ्रम आणि शेवटी बेशुद्धी असा क्रम लागू शकतो. उलट औषध मनानेच बंद करून साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली, तर साखर चढते, कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. म्हणून व्रताच्या दिवसाची मात्रा आधी वैद्याला विचारून ठरवावी, कंप सुटताच शुद्धीवर असलेल्या माणसाने साखर वा गूळ खावा, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले पाहिजे. अनवाणी दर्शनाविषयी तर अधिकच निक्षून बोलावे लागते; जुन्या मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेला रस्ताही कळत नाही आणि रुतलेला काटाही कळत नाही.

अशा वेळी व्रतभंगाचे भय पुढे केले जाते. त्याचे उत्तर मला औदुंबरच्याच कथेत दिसते. गुरुचरित्रातील तो करवीरचा मंदबुद्धी मुलगा लोकनिंदेला कंटाळून भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे आपली जीभ कापून ठेवतो, आणि देवी त्याला नदीपलीकडे श्रीगुरू नृसिंहसरस्वतींकडे पाठविते. गुरूंनी काय केले? त्या देहदंडाची तारीफ केली नाही. त्याला विद्या दिली आणि जीभही परत दिली. देहाची हानी हे ज्ञानाचे वा भक्तीचे मोल म्हणून ज्या क्षेत्री स्वीकारले गेले नाही, त्या क्षेत्राच्या नावाने मधुमेही भाविकाने पायाला जखमा करून घ्याव्यात, यात धर्म कोणता?

परिचारिकेने शिकावे आणि शिकवावे, ही रीत या भागाला परकी नाही. किर्लोस्करवाडी किंवा भिलवडीच्या स्थानकावरून आगगाडीने गाठता येणाऱ्या मिरजेत मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडले, आणि 1897 पासून तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. ते काम मिशनऱ्यांच्या धर्मनिष्ठेतून उभे राहिले हे खरे. पण त्यांच्याही निष्ठेला विद्यालय काढावे लागले, केवळ प्रार्थनेवर भागले नाही. त्याच मिरजेतील रिचर्डसन कुष्ठरुग्णालयासारख्या संस्थांत बधिर पाय रोज डोळ्यांनी तपासण्याचा जो पाठ रुग्णांना द्यावा लागतो, तोच आज द्राक्षबागेतल्या मधुमेही शेतकऱ्याला द्यावा लागतो.

‘प्रारब्धात असेल ते होईल’ हा आक्षेप उरतो. मृत्यू टळत नाही, हे परिचारिकेइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु चरकानेच रोगाच्या कारणांत प्रज्ञापराधाला, म्हणजे बुद्धी, धैर्य व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्माला, मोठे स्थान दिले आहे, आणि चुकीच्या खाटेवर दिलेले औषध हे दैवाच्या खात्यावर मांडता येत नाही. एकाच आडनावाचे दोन पाटील शेजारशेजारी निजलेले असताना ‘तुम्ही पाटीलच ना?’ असे विचारले, तर ग्लानीतला माणूस मान डोलावतो; म्हणून पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि कागदाशी ताडून पाहावे, ही क्षुल्लक वाटणारी शिस्त माझ्या मते अहिंसेचेच आचरण आहे. मात्र एका परिचारिकेच्या हवाली पन्नास खाटा करून तिच्याकडून दक्षता, ममता आणि अध्यापन या तिहींची मागणी करणारा समाज स्वतःची कसूर तिच्या माथी मारतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वाचकांना एवढीच विनंती आहे: आपला माणूस रुग्णालयातून घरी निघताना परिचारिका जे सांगेल, ते ऐकून नुसते ‘हो’ म्हणू नका, औषध कोणते, केव्हा, किती आणि काय झाले असता परत यायचे, हे तिच्यासमोर आपल्या शब्दांत बोलून दाखवा, आणि उपवास, अनवाणी दर्शन किंवा तीर्थ यांपैकी जे मनात असेल ते संकोच न करता तिला त्याच वेळी विचारा.