तंबूचं दार आणि विहिरीचं कुलूप

आजचं वाचन : उत्पत्ती, अध्याय १८

आजच्या वाचनात अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसलाय. ऊन रणरणतंय. समोर तीन अनोळखी माणसं दिसतात, आणि हा म्हातारा माणूस चालत नाही, धावत जातो. पाय धुवायला पाणी आणतो, सावलीत बसवतो, साराला भाकरी करायला सांगतो. ते कोण, कुठले, हे विचारतसुद्धा नाही. वाचता वाचता मी 'धावला' या शब्दापाशी थांबले, कारण मला मागचा मे महिना आठवला.

आमच्या किहीमला शेजारच्या प्लॉटवर बंगल्याचं काम चालू होतं. दुपारी दोनच्या सुमाराला तिघं मजूर कॅन घेऊन फाटकाशी आले. "ताई, प्यायला पाणी मिळेल का?" विहिरीला आम्ही नुकतंच झाकण बसवून कुलूप लावलं होतं. मी खिडकीतूनच म्हटलं, "पाणी नाही." ते काही न बोलता गेले. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी नाही असं म्हणू नये. कमी आहे म्हणावं, आणि तांब्याभर द्यावं."

मी तेव्हा वाद घातला. माझ्या बाजूनं कारण होतंच. आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरींचं गणित नाजूक असतं. उन्हाळ्यात फार उपसा केला की समुद्राचं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. आज तिघांना दिलं तर उद्या तीस येतील. हे खोटं नव्हतं. पण 'नाही' हा शब्द खोटा होता, तो मला अजून टोचतो.

म्हणून आजचा प्रश्न असा, की माझ्या विहिरीतलं पाणी किती माझं? अनोळखी माणसाला देणं हा माझा मोठेपणा, की त्याचा हक्क?

हा प्रश्न वाळवंटानं फार आधी सोडवला होता. तिथला भूगोल आपल्याला समजायला अवघड नाही. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून महाबळेश्वर भिजतं आणि पलीकडचं माण-खटाव कोरडं राहतं. तसंच तिकडे आहे. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग यरुशलेमच्या डोंगरांवर रिते होतात, आणि तिथून उतरून मृत समुद्राकडे जावं तर काही कोसांतच यहूदियाचं अरण्य लागतं. दक्षिणेला नेगेव, पुढे सीनाय, आणि लाल समुद्राच्या पलीकडे अरबस्तान. अशा मुलखात पाण्याची जागा चुकली की माणूस मेलाच. म्हणून तिथे पाहुण्याला पाणी देणं ही दया नव्हती, तो रिवाज होता. आज माझ्या दारात तू, उद्या तुझ्या दारात मी.

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म एकच देव मानतात आणि आपलं नातं याच तंबूवाल्या अब्राहामाशी सांगतात. मुसलमान त्याला इब्राहिम म्हणतात. यहुद्यांचा तोरा, ख्रिस्ती लोकांचं बायबल आणि मुसलमानांचं कुराण हे ग्रंथ वेगळे. उपासनेचे खास दिवसही वेगळे: शनिवार, रविवार, शुक्रवार. येशू कोण, या प्रश्नावर तर तिघांच्या वाटा फुटतात. ते मतभेद खरे आहेत, 'सगळं एकच' म्हणून ते पुसून टाकू नयेत. पण एक गोष्ट तिन्हीकडे सापडते. देवाचा माणूस आधी स्वतः परक्याच्या दारात उभा राहिलेला असतो.

मोशे मिसरातून पळाला तो मिद्यानात एका विहिरीपाशी येऊन बसला. पुढे इस्राएल लोकांना आज्ञा झाली ती अशी, की परक्यावर प्रेम करा, कारण मिसरात तुम्हीही परके होता. येशूला तान्हेपणीच मिसरात आसरा घ्यावा लागला. मोठेपणी तो अरण्यात ४० दिवस उपाशी राहिला, आणि नंतर त्यानं शिकवलं की तहानलेल्याला दिलेला पेलाभर पाणीही देव विसरत नाही. मक्केत छळ झाला तेव्हा पैगंबरांच्या काही अनुयायांना हबशाच्या ख्रिस्ती राजानं आसरा दिला. ६२२ साली पैगंबर स्वतः मदिनेला गेले. ज्यांनी तिथे घरं उघडली त्यांना आजही अन्सार, म्हणजे मदत करणारे, म्हणतात. आणि हाजरा तहानलेल्या इस्माईलसाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, ती धाव हजला जाणारा प्रत्येक जण आजही पुन्हा करतो. एका आईची पाण्यासाठीची धावपळ ही तिथे उपासना झाली आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं वाळवंटाचं. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याला तो रिवाज कशाला?

त्याचं उत्तर आपल्या शेजारी, नवगावला आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरलं. ती जागा आजही आहे, तिथे स्मारकही आहे. त्यांची भाषा, पोथ्या सगळं समुद्रात गेलं. उरलं ते एवढंच: शमा ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती. ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावानं नाव दिलं, शनिवार तेली.

हे नाव जातीच्या चौकटीतलंच होतं, याची मला जाणीव आहे. तरी त्यात एक मोठी गोष्ट आहे. शेजाऱ्यांनी त्यांचा शनिवार पाहिला, आणि तो त्यांच्याकडून काढून घेतला नाही. त्यांनी गावाची नावं आडनाव म्हणून घेतली: रोहेकर, पेणकर, नवगावकर. आपल्या किहीमचेही किहीमकर झाले. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर याच नावाचे. पुढे १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. काही तर नेगेवच्या वाळवंटात, दिमोनाला स्थिरावले. नारळी-पोफळीतून उठून थेट अब्राहामाच्या मुलखात, आणि मराठी बोलतच!

नवगावच्या लोकांना वाळवंटाची सक्ती नव्हती. उद्या आपलं जहाज त्यांच्या दारात फुटेल, असा हिशेबही नव्हता. तरी जागा दिली. म्हणून मला वाटतं, गरजेपोटी पाळला तो रिवाज, आणि गरज नसताना पाळला तो धर्म.

मग माझ्या मचूळ होणाऱ्या विहिरीचं काय? यावर मी बरेच दिवस विचार केला. एकनाथ महाराजांनी कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मुसलमानांच्या हदीसमध्येही तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला देवानं क्षमा केल्याची गोष्ट आहे. दोन्हीकडे पाणी थोडंच होतं. दोन्हीकडे मागणारा परतफेड करणारा नव्हता. पण दोघांनी तहान भागवली, टँकर भरून दिला नाही. हा फरक मला उशिरा कळला. बांधकामाला पाणी नाही म्हणण्याचा मला अधिकार आहे. तहानेला नाही म्हणण्याचा नाही. विहीर माझी असेल, तहान माझ्या मालकीची नाही.

कुलूप अजून आहे, खरं सांगते. पण फाटकाबाहेर यंदा माठ ठेवलाय, वर झाकण आणि पेला. सकाळी भरते, संध्याकाळी रिकामा असतो. ते तिघं परत आले नाहीत. त्यांचं काम संपलं असेल, दुसऱ्या कुठल्या फाटकाशी उभे असतील. त्यांची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

आजची प्रार्थना : देवा, दारात कुणी आलं तर मला धावता नाही आलं तरी उठता येऊ दे. आणि जे माझ्याकडे आहे, त्याला 'नाही' म्हणायला लावू नकोस.