उतारावर पुढे कोण, मागे कोण?

मोटरहोमचं स्वप्न सध्या रीलमधून आपल्या हातात येतं. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, चाकांवरचं घर, खिडकीत चहाचा कप. परदेशातल्या अशा व्हिडिओंमध्ये नीट पाहिलं तर अनेकदा त्या घराच्या मागे एक छोटी कार जोडलेली दिसते. ती बंद असते, तिच्यात कुणी बसलेलं नसतं, तरी ती चाललेली असते. कारण साधं आहे. घर एकदा मुक्कामाला लावलं की दूध-भाजी आणायला किंवा गल्लीबोळात फिरायला ते धूड काढता येत नाही. म्हणून सुटसुटीतपणाही सोबत ओढत न्यायचा.

आपल्याकडे मोटरहोम क्वचितच दिसतं, पण गाडीने गाडी ओढणं नवीन नाही. त्याला आपला शब्दही आहे, टोचन. नाशिकच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ‘टोचन करून आणावी लागेल’ एवढं सांगितलं की पुढचं समजतं. त्याहून साधा प्रकार तर रोजचा आहे. पेट्रोल संपलेली बाइक पुढे, आणि मागच्या बाइकवरचा मित्र एक पाय लावून तिला पंपापर्यंत ढकलत नेतोय. सपाट रस्त्यावर हे सगळं सोपं वाटतं. खरा प्रश्न घाटात सुरू होतो, आणि तो फक्त गाड्यांचा राहत नाही.

नाशिकहून मुंबईकडे निघालं की इगतपुरीनंतर कसारा घाट लागतो. वर येताना ओझं काय असतं ते प्रत्येकाला कळतं. इंजिन गुरगुरतं, वेग पडतो, काटा वर चढतो. मागे काही जोडलेलं असेल तर ते मागे खेचत असतं आणि क्षणोक्षणी आपली आठवण करून देत असतं. फार जड झालं तर गाडी फार तर थांबते. म्हणजे चढावर चूक झाली तरी ती लवकर कळते आणि बहुतेक वेळा सावरता येते.

उतारावर सगळं उलटतं. तेच वजन आता पुढच्या गाडीला ढकलू लागतं. इंजिनला कष्ट नसतात, त्यामुळे चालवणाऱ्याला प्रवास सोपा झाल्यासारखं वाटतं, आणि त्याच वेळी ब्रेक तापत असतात. थोडा हिशेब करू. कसारा ते इगतपुरी रेल्वेमार्ग साधारण ३०० मीटर चढतो. रस्त्यालाही तितकीच उंची धरली, तर दीड टनाची एक छोटी कार तेवढं खाली उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात जवळपास १४ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. आठ टनांचं मोटरहोम आणि मागची कार मिळून हा आकडा ९० लिटरच्या आसपास जातो. यातली काही ऊर्जा हवेत आणि टायरमध्ये जाते, काही खालच्या गियरमधलं इंजिन अडवून धरतं. उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक फार तापले की पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही.

म्हणून गाडीमागे गाडी जोडणाऱ्यांच्या जगात एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली जाते. इंजिन किती ओढू शकतं, एवढ्यावर हिशेब संपत नाही. ब्रेक किती थांबवू शकतात, तेही पाहावं लागतं. मोटरहोमचे ब्रेक बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात, मागच्या कारसाठी नाही. म्हणून मागच्या कारचे स्वतःचे ब्रेक लागतील अशी वेगळी यंत्रणा बसवतात. दोराने ओढत असाल तर हे आणखीच खरं. दोर ओढू शकतो, थांबवू शकत नाही. उतारावर मागच्याने स्वतः ब्रेक लावला नाही तर दोर सैल पडतो आणि मागची गाडी पुढच्यावर येते.

आता गाडीतून उतरून घरात येऊ.

समजा, सिन्नरजवळच्या गावातली एक मुलगी पुण्यात नोकरीला लागली. घरातला पहिला नियमित पगार तिचा. धाकट्या भावाची फी ती भरते, कांद्याचा भाव पडला की घरी पैसे पाठवते. हा चढ आहे. दमवणारा आहे, पण तिला तो दिसतो आणि दर महिन्याला मोजताही येतो. मग एक दिवस भाऊ म्हणतो, ‘ताई, पतसंस्थेतून कर्ज घेतोय, दुकान टाकायचंय. तू फक्त जामीन राहा. सही करायची, बाकी काही नाही.’ पगारातून एक रुपयाही जात नाही, म्हणून हे सगळ्यात हलकं वाटतं. प्रत्यक्षात इथेच उतार सुरू होतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. दुकान चाललं तर ताईला काहीच जाणवणार नाही. नाही चाललं तर मागचं सगळं वजन एकदम तिच्यावर येईल.

तिने सही करावी का?

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली एका निबंधात मांडलेला युक्तिवाद आजही चर्चेत असतो. एखादी वाईट गोष्ट आपण टाळू शकत असू, आणि ती टाळताना तितक्याच महत्त्वाचं काही आपल्याला गमवावं लागत नसेल, तर ती टाळणं हे आपलं कर्तव्य आहे. त्यांच्यासमोर दूर देशातला दुष्काळ होता. पण आपल्या घरांमध्ये हा विचार कुठलंही पुस्तक न वाचता चालतो. ‘तुझ्याच्याने होतंय ना? मग कर.’ हा इंजिनचा हिशेब आहे. किती ताकद उरली आहे, अजून किती ओढता येईल? पहिल्या कमावत्या पिढीतली मुलं-मुली याच हिशेबाने जगतात. त्यात मोठेपणा आहे, तो नाकारण्याचं कारण नाही.

मला वाटतं, त्या हिशेबाला दुसरा हिशेब जोडायला हवा. मदत करताना स्वतःला विचारायचं, हे वजन मला ढकलू लागलं तर मी ते थांबवू शकेन का? आपण बुडालो तर मागचाही बुडतो, कारण दोघे एकाच दोराला बांधलेले असतात. जिचे स्वतःचे हप्ते थकले, जिची नोकरी गेली, त्या ताईच्या त्यागाने भावाचं दुकान वाचत नाही. मदतीची मर्यादा ब्रेकवरून ठरवण्यात मागच्याचाही जीव जपला जातो.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. असा हिशेब मांडायला लागलं तर जो तो म्हणेल, ‘माझे ब्रेक कमी आहेत.’ नात्यातली मदत टाळायला हे छान निमित्त होईल. आपल्या आई-वडिलांनी असं मोजत बसले असते तर आपल्यातले किती जण शिकले असते?

म्हणून ब्रेक कमी आहेत म्हटल्यावर विषय संपवता येत नाही. तिथून पुढचं काम सुरू होतं. इथे आपल्याकडचे टोचनचे जुने नियम बघण्यासारखे आहेत. २०१७पर्यंत लागू असलेल्या रस्त्याच्या १९८९च्या नियमांनुसार ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक चालक बसलेला हवा असे. नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने किंवा तशा साधनाने रस्त्यावरून पूर्ण उचललेली हवी असत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको असे. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा असे.

लिहिणाऱ्यांच्या मनात अपघात टाळण्यापलीकडे काही नसेल, पण मदतीबद्दलचा फार नेमका विचार त्यात आहे. कुणाला ओढायचं तर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, त्याचं स्टिअरिंग आणि ब्रेक त्याच्याच हातात राहू द्यायचे. तो ओढला जातोय, तरी चालक आहे. दोन, तो स्वतःला सावरूच शकत नसेल, लहान मूल असेल, आजारी बाप असेल, तर त्याची चाकं उचलायची, म्हणजे त्याचा भार आपण घेतलाय हे मान्य करायचं. तिसरा प्रकार त्या नियमाला चालत नसे. चाकं रस्त्यावर, आणि स्टिअरिंगवर कुणीच नाही.

आपल्या घरांमध्ये हा तिसरा प्रकार सर्रास चालतो. भावाने कोणता कोर्स करायचा हे ताई-दादा ठरवतात, कारण फी ते भरतात. तो नापास झाला की दोष मात्र त्याचा. किंवा उलट, भाऊ कर्ज काढतो, दुकानाची वही कुणाला दाखवत नाही, आणि हप्ता थकल्यावर बँकेचा फोन ताईला येतो. दोन्हीकडे निर्णय एकाच्या हातात आणि घसरण्याचा धोका दुसऱ्याच्या वाट्याला. यातून निघणारी कटुता पैशापेक्षा जास्त वर्षं टिकते.

म्हणून ताईने ‘हो की नाही’ यावर अडकायच्या आधी भावाशी बसून बोलावं. वही दर महिन्याला दोघांनी बघायची का? दुकान सहा महिने तोट्यात गेलं तर कुठे थांबायचं, हे आजच ठरवायचं का? त्याच्याकडे स्वतःचा काही ब्रेक आहे का, थोडी बचत, एखादी जोडनोकरी? हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्या हातात ब्रेक आहे असं आपण मानतो, त्यालाच आपण हे विचारतो.

बैलगाडीवाल्यांना हे वेगळ्या शब्दांत माहीत होतं. गाडीत माल मागे जास्त भरला तर ती ‘उलार’ होते, पुढून उचलली जाते आणि बैलांच्या हाताबाहेर जाते. ट्रेलरचंही असंच. वजन मागच्या टोकाला जास्त झालं तर उतारावर वेगात ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही फिरवतो. एकूण वजन तेवढंच असतं, फरक ते कुठे ठेवलंय याचा. घरातही सगळी मदत एकाच व्यक्तीच्या नावावर, एकाच सहीवर, एकाच पगारावर ठेवली की घर उलार होतं. आत्या, मामा, दुसरा भाऊ यांच्यात थोडं थोडं वाटलं तर तेवढंच ओझं पेलतं.

याच घाटाने आपल्याला आणखी एक उत्तर दिलेलं आहे. १८६५ साली इथून रेल्वे वर चढली. चढ ३७ला १ इतका तीव्र आहे, आजही. त्यासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. ती पाठीमागून रेटतात आणि इगतपुरीला सुटतात. पूर्ण प्रवास ती सोबत करत नाहीत. डब्यातल्या अनेकांना ती लागल्याचंही कळत नाही. दिवे घाटात माउलींच्या पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, तोही हाच विचार. मदत अशीही असू शकते, एका चढापुरती, ठरलेल्या ठिकाणापर्यंत. ताई सहा महिन्यांचं दुकानभाडं देऊ शकते आणि जामीन राहायला नकार देऊ शकते. तिचा नकार संपूर्ण नसतो, आणि तिचा होकारही.

२०१९ साली नाशिकमार्गे सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानीला या घाटात बँकरसाठी थांबावं लागू नये, म्हणून मागेही स्वतःचं इंजिन जोडण्याची पद्धत आली. घरांचंही असं असतं. काहींच्या मागे आधीच दुसरं इंजिन असतं, वडिलांचा फ्लॅट, मामाची ओळख. त्यांना चढ कमी जाणवतो. पहिल्या पिढीतल्या मुलांनी त्यांच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नये, आणि ज्यांना ते इंजिन मिळालंय त्यांनी ‘आम्ही एकट्यानेच चढलो’ असं म्हणू नये.

घाटात गाडी चालवणारे जुने ड्रायव्हर एक गोष्ट सांगतात. गियर उतार सुरू होण्याआधी बदलायचा. वेग आल्यावर गियर खाली आणायला गेलं तर पडत नाही. जामिनाचा कागद समोर येतो तेव्हा ताई अजून घाटाच्या माथ्यावर असते. सगळे प्रश्न विचारायची, रक्कम कमी करायची, आणखी एक जामीनदार मागायची, ‘एवढंच जमेल’ म्हणायची वेळ तीच. त्यानंतर तिने सही केली तरी चालेल आणि नाही केली तरी. भावाला मात्र तिने एकदा स्टिअरिंगवर बसवून विचारलेलं असावं, ‘ब्रेक लागतायत ना रे तुझे?’