हाती येणारं संगीत

आपल्याकडे संगीत म्हटलं की आधी गळा आठवतो. सतारिया गायकी अंगानं वाजवतो असं म्हणणं ही मोठी दाद समजली जाते. अभंग, नाट्यपद, भावगीत ही आपल्या कानांची घडण, आणि तिन्हींत शब्दाला मान. वाद्यवृंद म्हणजे गायकाच्या मागच्या अंधारात बसलेली मंडळी. पाश्चात्त्य रॉक संगीताचीही आपल्या मनातली प्रतिमा वेगळी नाही. मध्यभागी माइक, माइकसमोर गायक आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूला.

म्हणूनच ‘द व्हेंचर्स’ या अमेरिकन बँडचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. दोन गिटार, एक बेस आणि ड्रम एवढ्या सामग्रीवर, जवळजवळ सगळं काम शब्दांवाचून करत हा बँड साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. त्यांच्या रेकॉर्डी किती खपल्या, याचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. मला त्या खपापेक्षा त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. त्यांनी ऐकणाऱ्यांना वाजवायला लावलं.

कहाणी सुरू होते वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा या बंदराच्या गावी. १९५८ साली डॉन विल्सन जुन्या मोटारी विकण्याच्या कामावर होता, आणि तिथंच बॉब बोगलशी त्याची गाठ पडली. बोगल बांधकामावर होता. पुढं विल्सनही त्याच कामाला लागला. दिवसा विटा आणि चुना, संध्याकाळी गिटार. वाद्यं घेतली तीही गहाणवटीच्या दुकानातून, स्वस्तातली. सुरुवातीला दोघंच होते, ठेका धरायला तिसरं कुणी नव्हतं. त्यामुळं विल्सनच्या उजव्या हातावर ड्रमचीही जबाबदारी आली. तारांवर आघात करत, त्या मध्येच दाबून आवाज तोडत तो गिटारवरच लय उभी करायचा. बँडला पुढं ड्रमवादक मिळाला, पण हा हात तसाच राहिला आणि व्हेंचर्सची ओळख बनला.

ज्या धुनेनं त्यांचं नशीब पालटलं ती त्यांची नव्हती. ‘वॉक, डोन्ट रन’ ही जॅझ गिटारवादक जॉनी स्मिथची १९५४ सालची रचना. चेट अ‍ॅटकिन्सनं ती आपल्या ढंगानं वाजवली होती आणि विल्सन-बोगलनी ती त्याच्या रेकॉर्डवर ऐकली. अ‍ॅटकिन्स अंगठ्यानं खर्जाच्या तारा आणि बोटांनी वरची सुरावट असं एकाच वेळी वाजवायचा. ते या दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्यांनी काम वाटून घेतलं. सुरावट एका गिटारकडं, लय दुसरीकडं, खर्ज बेसकडं. सुरुवातीला ड्रमची छोटी झड आणि मग पायरी पायरीनं खाली उतरणाऱ्या चार कॉर्ड : ए मायनर, जी, एफ, ई. त्यावर बोगल सुरावट वाजवतो, आणि स्वर लांबवताना गिटारची व्हायब्रेटोची दांडी हलकेच दाबतो. स्वर किंचित खाली लवतो आणि पुन्हा जागेवर येतो. आपल्या कानाला मींड ओळखीची असल्यामुळं ही गंमत चटकन कळते. अवघड रचनेला सोपी करताना त्यांनी तिचा जीव घालवला नाही. अंगात असलेल्या मर्यादेतूनच त्यांना स्वतःचा घाट सापडला.

सिअ‍ॅटलमधल्या एका घराच्या तळघरात हे ध्वनिमुद्रण झालं. ‘डॉल्टन’ या स्थानिक कंपनीनं आधी त्यांना नकार दिला होता. तेव्हा विल्सनच्या आईनं, जोसी विल्सननं, ‘ब्लू होरायझन’ नावाची स्वतःचीच कंपनी काढून रेकॉर्ड छापली. सिअ‍ॅटलच्या केजेआर रेडिओवर ती बातम्यांना जोडून वाजू लागली, लोक विचारू लागले, आणि नकार देणाऱ्या डॉल्टननंच मग ती देशभर पोचवली. १९६० साली ही धून अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ध्वनिमुद्रणात ड्रम वाजवणाऱ्या स्किप मूरपुढं दोन पर्याय होते : विक्रीतला वाटा किंवा रोख २५ डॉलर. त्यानं रोख रक्कम घेतली. शब्द नसलेल्या धुनेची किंमत तेव्हा जाणकारही किती कमी धरत होते, हे या एका व्यवहारात दिसतं.

हे यश कशामुळं आलं? माझं उत्तर असं की ही धून ऐकणाऱ्या मुलाला ‘हे मला जमेल’ असं वाटायला लावते. गायकाचा गळा उसना घेता येत नाही. तो देवाघरून आलेला असतो, असं आपण म्हणतोच. पण बोटं कुठं ठेवायची, हे रियाजानं कळतं. व्हेंचर्सच्या वादनात प्रत्येक वाद्य वेगळं, स्वच्छ ऐकू येतं. कोण काय करतोय ते लपलेलं नसतं. चार मित्र जमवले की चौघांच्या वाट्याला एकेक काम येतं.

त्यांना स्वतःलाही हे उमगलं असावं. १९६५ साली त्यांनी ‘प्ले गिटार विथ द व्हेंचर्स’ ही शिकवणीची रेकॉर्ड काढली. धून आधी सावकाश समजावून सांगायची, मग पूर्ण वाजवायची, आणि शेवटी त्यातलं एक वाद्य वगळायचं, म्हणजे ती रिकामी जागा शिकणाऱ्यानं भरायची. घरबसल्या त्या बँडमध्ये बसायचं आमंत्रणच होतं ते! शिकवणीची ही रेकॉर्ड चक्क बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पोचली.

त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे, हे दुसऱ्यांच्या धुना वाजवणारे; यात सर्जन कुठलं? आक्षेपात तथ्य आहे. त्यांनी अल्बम काढले ते ढिगानं, आणि त्यातले पुष्कळ त्या त्या वर्षीच्या लोकप्रिय गाण्यांच्या आधारावर उभे आहेत. पण एकच बंदिश दहा गवयांनी गायली म्हणून आपण नऊ जणांना नकलाकार म्हणत नाही. धून कुणाची, याइतकंच तिचं काय केलं, हेही महत्त्वाचं असतं. ‘हवाई फाइव्ह-ओ’ ही मॉर्टन स्टीव्हन्सनं रचलेली दूरचित्रवाणी मालिकेची धून १९६९ साली लोकांच्या तोंडी बसली ती व्हेंचर्सच्या वादनामुळं.

तोवर त्यांच्या देशात वारं फिरलं होतं. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले, आणि रॉकचा केंद्रबिंदू पुन्हा गाणाऱ्याकडं, गाणं लिहिणाऱ्याकडं सरकला. शब्दांवाचून वाजवणारे बहुतेक बँड मागं पडले. व्हेंचर्सना आधार मिळाला तो जपानमध्ये. १९६२ मध्ये ते तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा चौघांचा खर्च न परवडल्यामुळं फक्त विल्सन आणि बोगल गेले होते. जानेवारी १९६५ मध्ये पूर्ण बँड गेला, हातात मोझराईट कंपनीच्या गिटारी घेऊन. नोकी एडवर्ड्स तोवर मुख्य गिटारवर आला होता आणि मेल टेलर ड्रमवर. त्या मैफलींतली एक करामत जपानी मुलांनी उचलली. पिकनं खर्जाच्या जाड तारेवर झपझप आघात करत डावा हात वरून खाली सरकवत न्यायचा. त्या घरघरीला जपानी पोरांनी नावच पाडलं, ‘देके-देके-देके’. सुनाओ आशिहारा यांनी शाळकरी मुलांच्या बँडवर लिहिलेल्या कादंबरीच्या नावातच हा आवाज आहे, आणि तिला जपानमधला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला.

जपानभर इलेक्ट्रिक गिटारची लाट उसळली. तेइस्को, गुयाटोनसारखे देशी कारखाने स्वस्त गिटारी बनवू लागले, दूरचित्रवाणीवर हौशी बँडच्या स्पर्धा रंगू लागल्या. पालक आणि शिक्षक हादरले. आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळानं त्याच वर्षी विद्यार्थ्यांना या वाद्यापासून दूर ठेवण्याचा फतवा काढला. त्याला उत्तर मिळालं तेही वादनातूनच. ताकेशी तेराउची हा जपानी गिटारवादक शाळाशाळांत जाऊन कार्यक्रम करू लागला. त्यानं जपानी लोकधुना आणि बीथोव्हन, दोन्ही इलेक्ट्रिक गिटारवर आणले.

पुढं जे घडलं ते मला या इतिहासातलं सगळ्यात सुंदर वाटतं. व्हेंचर्सनी जपानी श्रोत्यांसाठी नव्या धुना रचल्या आणि जपानी गीतकारांनी त्यांवर शब्द लिहिले. १९६६ चं ‘फुतारी नो गिन्झा’, १९७० चं ‘क्योतो बोजो’ ही तिथं अफाट लोकप्रिय झालेली गाणी. टॅकोमाच्या गवंड्यांची सुरावट, आणि तिच्यावर टोकियो-क्योतोच्या रस्त्यांची, विरहाची जपानी कविता. धून शब्दांवाचून आली होती, म्हणून त्या लोकांना तिच्यात आपले शब्द घालता आले.

हे नातं अखेरपर्यंत टिकलं. मेल टेलर १९९६ च्या जपान दौऱ्यातच आजारी पडला आणि काही दिवसांत गेला. त्याचा मुलगा लिऑन ड्रमवर बसला. बोगल २००९ मध्ये गेला, एडवर्ड्स २०१८ मध्ये, विल्सन २०२२ मध्ये. अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्यांना २००८ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, आत घेतलं. जपान सरकारनं २०१० मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा सन्मान दिला.

आता आपल्याकडं वळू. मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांत ज्या बेंजोवर पोरं कोळीगीतांच्या, सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवतात, तो बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा भाऊबंद, आणि बुलबुलतरंगाचं मूळ १९१२ च्या सुमारास जपानच्या नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. गायकाशिवाय, एका तारवाद्याच्या जोरावर सगळी गल्ली नाचवणारे हे वादक त्याच परंपरेत बसतात, जिला इतर देशांत सरकारी सन्मान मिळतो. आपण मात्र त्यांना कलावंत म्हणायलाही कचरतो. मिरवणूक संपली की त्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात.

आवाजाच्या पातळीबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या सोडवायलाच हव्यात. पण त्या तक्रारींच्या आडून वादकांना हलकं लेखणं थांबलं पाहिजे. या पथकांच्या धुना नीट ध्वनिमुद्रित व्हाव्यात, वादकांची नावं नोंदली जावीत, शाळेच्या संगीताच्या तासाला गळा नसलेल्या मुलालाही एखादं वाद्य हातात मिळावं. ज्या समाजात फक्त गाणाऱ्यालाच संगीत येतं असं मानलं जातं, त्या समाजात बहुतेक लोक आयुष्यभर श्रोतेच राहतात. ते बदलायचं असेल, तर सोपी धून वाजवणाऱ्या मुलाला आधी शाबासकी द्या. अवघड धून तो पुढं आपण होऊन शोधेल.