तळ्याचा धनी आणि खाडीचे पाणी

दुसऱ्याचे अहित करू नये, हे सर्वांसच मान्य आहे. परंतु आपल्यावर ओढवलेले संकट दुसऱ्यास कळविण्याचे कर्तव्य आपल्यावर आहे काय, या प्रश्नाचा विचार फारसा केला जात नाही. पेण व रोहा या तालुक्यांत मत्स्यशेती करणाऱ्यांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहू शकतो. म्हणून आम्ही तो तेथूनच मांडतो.

खाडीकाठच्या तळ्यांचे धनी निरनिराळे असतात. पाणी मात्र एकच. भरतीला ते आत घ्यावयाचे, ओहोटीला बाहेर सोडावयाचे. अशा एखाद्या तळ्यातील कोळंबी एके सकाळी सुस्त होऊन काठाशी आली आणि तिच्या कवचावर पांढरे ठिपके दिसले, तर धन्याने काय करावे? हा विषाणुजन्य रोग १९९४ च्या सुमारास भारतात शिरला. तीन ते दहा दिवसांत तो सारे तळे ओस पाडू शकतो आणि त्यावर औषध नाही. माणसास तो होत नाही. तेव्हा उरलेला माल गुपचूप विकून पाणी खाडीत सोडून द्यावे, असा मोह धन्यास होणे स्वाभाविक आहे. यात गिऱ्हाइकाची फसवणूक नाही, हे खरे. परंतु पुढच्या भरतीस शेजारी आपली उघाडी उघडतो, ती त्याच पाण्यास. धरमतरची खाडी आणि रोह्याची कुंडलिका यांचे पाणी वेगळे असले, तरी बीज वाहणारी गाडी वा जाळे एकच असू शकते.

शिवाय रोग नेहमी डोळ्यांना दिसतो असेही नाही. जिताड्याच्या पिलांस मज्जासंस्थेचा एक विषाणुजन्य रोग होतो. त्यातून वाचलेला मासा वरून धडधाकट दिसूनही रोगाचा वाहक असू शकतो. म्हणूनच तपासणी हवी. जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या पुढाकाराने सुरू झाला. मत्स्यपालकाने रोगाची खबर हातातल्या फोनवरूनच द्यावी, यासाठी २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अ‍ॅपही निघाले. परंतु खबर देणारे तोंड मिटलेले राहिले, तर यंत्राने काय करावे?

आणि ते तोंड का मिटते, हेही पाहिले पाहिजे. बातमी फुटली की व्यापारी भाव पाडतो, बीज उधार देणारा दारात उभा राहतो. जो बोलला तो बुडाला आणि जो गप्प राहिला तो निभावला, असा व्यवहार असेल तेथे सत्याचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करणे होय. जिताडा ताटात आल्यावरच ज्यांना तळ्याची आठवण होते, त्या आम्हां पांढरपेशांनी तरी हे विसरू नये.

या कामी खारभूमीच्या जुन्या रीतीचे स्मरण उपयोगी पडेल. खारबांध सामाईक श्रमाने राखावयाचा असे. खेकड्याने पोखरलेले बीळ कोणाच्या शेतासमोर आहे, याची वाट पाहत बसल्यास खांड पडून सर्वांच्याच भातात खारे पाणी शिरावयाचे. म्हणून ज्याच्या दृष्टीस ते प्रथम पडे त्याने हाक मारावयाची, आणि बाकीच्यांनी चिखल घेऊन धावावयाचे. हाक मारणाऱ्यास कोणी दंड करीत नसे. तो बांध टिकला तो नुसत्या हाकेने नव्हे. लोक धावून येतील, हा भरवसा हाकेच्या मागे होता.

रोगाची खबर ही अशीच हाक आहे. २०२४ साली केंद्र सरकारने मत्स्यशेतीच्या विम्यास उत्तेजन देणारी योजना मंजूर केली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. खबर देणाऱ्याचे नाव झाकले जावे, त्याच्या नुकसानीत सर्वांचा वाटा असावा, आणि मगच मौनास अपराध म्हणावे. तोवर आमच्या मते त्या मौनाचा अर्धा दोष तळ्याच्या धन्याचा आणि अर्धा आपणां सर्वांचा आहे.