न हसणारा प्रेक्षक

शोकांत नाटक पाहताना मनुष्य शेजाऱ्याकडे पाहत नाही. विनोदी नाटक पाहताना मात्र तो हटकून पाहतो. रडणाऱ्याला सोबत लागत नाही, किंबहुना अंधारात आपण एकटे आहोत असे वाटले तरच त्याला मोकळेपणी रडता येते. हसणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. आपण हसलो आणि शेजारचा हसला नाही, तर आपले हसू अर्ध्यावर अडखळते आणि मनात एक चोरटा प्रश्न उभा राहतो की, चूक कोणाची? माझी की याची? बहुधा आपण निकाल स्वतःच्या बाजूने देऊन मोकळे होतो. आणि त्या निकालाविषयीच मला येथे थोडे लिहावयाचे आहे.

नेहमीच्या प्रहसनात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तोतरा वकील, विसराळू प्रोफेसर, घाबरट नवरा यांना सगळे नाट्यगृह एकदम हसते. परंतु विनोदाची एक जात अशी आहे की, तिच्यात कार्यकारणाची साखळीच मुद्दाम तोडलेली असते. मेलेला मनुष्य बोलू लागतो, आणि तो का बोलतो हे कोणी विचारीत नाही. या जातीला आपण असंगत विनोद म्हणू. तिचे वैशिष्ट्य असे की, ती श्रोत्यांचे सरळ दोन तट पाडते. एका तटाला ती इतकी प्रिय होते की, तिच्या भक्तांचा एक पंथच बनतो. दुसऱ्या तटाला ती निव्वळ पोरकटपणाची किंवा उद्धटपणाची वाटते. इंग्लंडात बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर 1969 ते 1974 या काळात ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही मालिका झाली. तिचे संवाद तोंडपाठ म्हणणारे भक्त आजही आहेत, आणि त्यात हसण्यासारखे आहे तरी काय, असे विचारणारे तेव्हाही होते. आपल्याकडे योगायोगाने त्याच 1974 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ रंगभूमीवर आणले. असंगत विनोदाचे मराठीत याहून ठळक उदाहरण मला आठवत नाही.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाऊराव नावाचा चाळकरी मरण पावला आहे आणि तोच उभा राहून स्वतःच्या मरणाचे कीर्तन करीत आहे. जुन्या स्मशानातच आपल्याला जाळावे असा त्याचा हट्ट आहे, आणि ते स्मशान तर बंद झालेले. त्यामुळे प्रेत घरातच राहते. शेजारी सल्ले देतात, मुलगा हेलपाटे घालतो, आणि शोक करणाऱ्या पत्नीचे मन अंत्ययात्रेतल्या डावीकडून तिसऱ्या गृहस्थाकडे ओढ घेऊ लागते. हे सगळे घडते ते अभंगाच्या चालीवर आणि टाळांच्या गजरात.

काही वर्षांपूर्वी येथे, छत्रपती संभाजीनगरास, एका हौशी मंडळीने या नाटकाचा प्रयोग केला. शहर त्या वेळी औरंगाबाद या नावाने ओळखले जाई. मी माझ्या मामांना आग्रह करून बरोबर नेले. मामा नाटकाचे जुने शौकीन. पहिल्या दहा मिनिटांत नाट्यगृहाचे दोन भाग झाले. पुढच्या बाजूची तरुण मंडळी टाळ्या पिटीत होती, आणि मागच्या रांगांत अस्वस्थ चुळबुळ सुरू झाली होती. मी पहिल्या पक्षात होतो आणि जरा मोठ्यानेच हसत होतो. मामा मध्यंतराला बाहेर गेले ते परत आत आलेच नाहीत. प्रयोग संपल्यावर पाहतो तो ते पायरीवर बसून होते. घरी जाताना मी विद्वत्तेच्या भरात त्यांना म्हणालो, “मामा, तुम्हाला ते नाटक कळलं नाही.” मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, त्या भाऊरावाला निदान घरी तरी ठेवलं होतं.”

हे वाक्य माझ्या लक्षात यावयास रस्त्याचा एक चौक ओलांडावा लागला. 2021 सालच्या एप्रिलात मामी कोरोनाने गेल्या. त्यांचा देह घरी आणता आला नव्हता. अंत्यविधी परस्पर झाला, आणि मामांनी तो लांबून, एका फाटकाबाहेर उभे राहून, पाहिला होता. ही गोष्ट मला ठाऊक होती. ठाऊक असूनही नाटक पाहताना ती मला आठवली नाही, आणि त्यांना मात्र दुसरे काही आठवत नव्हते.

असंगत विनोदाने प्रेक्षक का दुभंगतात याचे जे उत्तर रसिक म्हणविणाऱ्या वर्गात प्रचलित आहे ते असे की, ज्याची बुद्धी तल्लख व अभिरुची संस्कारित तो हसतो, आणि बाकीचे हसत नाहीत. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते देणारा नेहमी हसणाऱ्यांतला असतो. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा प्रकार सांगून ते दोन-दोन याप्रमाणे उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना वाटून दिले आहेत. ओठांच्या कोपऱ्यात हसणे उत्तमांचे, आणि डोळ्यांत पाणी येईतो कुशी धरून हसणे अधमांचे. ही वाटणी वाचून आज आपल्याला गंमत वाटते. पण आपणही तिचीच नवी आवृत्ती वापरीत नाही काय? आमच्या याच शहरात विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकविणारे लक्ष्मण देशपांडे (1943–2009) यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात पन्नासांहून अधिक माणसे एकट्याने उभी केली. त्या प्रयोगाला शेतकरी, प्राध्यापक, म्हाताऱ्या, पोरे सगळी एकाच वेळी हसत, आणि कुशी धरूनच हसत. कित्येक रसिकांच्या लेखी मात्र हाच त्याचा उणेपणा ठरला: ज्याला सगळेच हसतात ते थोर कसे असेल? असा तर्क पुढे गेला म्हणजे अर्ध्या लोकांना न हसविणे हीच कलेची कसोटी होऊन बसते. मला तो तर्क मुळीच पटत नाही. पन्नास तऱ्हांची माणसे एका उपहासात ओढून आणायची आणि त्यांतल्या एकाचाही अपमान होऊ द्यायचा नाही, हे काम असंगत नाटकाहून सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते एकदा करून पाहावे.

शिवाय मामांच्या बाबतीत हे उत्तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ हा 1983 सालचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याची फारशी चलती झाली नाही. पुढे तो दूरदर्शनवर दिसू लागल्यावर घरोघर त्याचे भक्त निर्माण झाले, आणि आमच्या मामांची गणना त्या भक्तांत करावी लागेल. त्यातही एक प्रेतच आहे. म्युनिसिपल कमिशनरचे ते प्रेत शहरभर फिरविले जाते, आणि शेवटी महाभारताच्या नाटकात साडी नेसून द्रौपदी म्हणून उभे केले जाते. यापेक्षा असंगत काय असणार? तरीही मामा तो प्रवेश पाहताना लोळून हसत. म्हणजे विपरीत कल्पना त्यांना झेपत नव्हती असे नाही. मग दोन प्रेतांत फरक काय? मला वाटते, फरक हा की, कमिशनरचे प्रेत कोणाचेच नव्हते. तो लाचखाऊ अधिकारी. त्याच्यासाठी त्या कथेत कोणी जेवण सोडलेले नाही. भाऊरावाचे प्रेत हे कोणाच्या तरी नवऱ्याचे आणि कोणाच्या तरी बापाचे आहे.

हास्यावरील 1900 सालच्या आपल्या ग्रंथात बर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने म्हटले आहे की, हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. हे खरे आहे. पण भूल सर्वांना सारखी चढत नाही, हे कोणत्याही शस्त्रवैद्यास विचारावे. ज्या जागी जखम ताजी आहे तेथे ती चढतच नाही. त्याच ग्रंथात एक गमतीची गोष्ट आहे. प्रवचनात सगळे रडत असता एक मनुष्य कोरडा बसला होता. कारण विचारता तो म्हणाला की, मी या गावचा नव्हे. बर्गसाँने ती हसण्याला लावून दाखविली आहे: आपण हसतो ते आपल्या गावासह. परंतु माझ्या अनुभवात ही गोष्ट उलटी होऊन आली. मामा न हसण्याचे कारण ते त्या गावचे नव्हते हे नव्हे. ते पक्के त्या गावचे होते, आणि आम्ही हसणारे पाहुणे होतो.

तथापि एवढ्याने सर्व उलगडा होतो असे मी म्हणणार नाही. त्या रात्री मागच्या रांगांत चुळबुळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी काही मृत्यू झाला नव्हता. त्यांच्या अस्वस्थतेचे कारण शोधताना माझे लक्ष आमच्या शेजारच्या पैठणकडे गेले. गोदाकाठचे हे नाथांचे गाव येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला तेथे लोटणाऱ्या गर्दीत भारूड ऐकले नाही असा मराठवाड्यातला म्हातारा विरळा. एकनाथांचे (1533–1599) एक प्रसिद्ध भारूड आहे. त्यात एक सासुरवाशीण देवीला साकडे घालते की, माझा सासरा, सासू, जाऊ, नणंद, फार काय, नवरासुद्धा एकेक करून उचलून ने आणि मला एकटीला राहू दे. नुसता शब्दार्थ घेतला तर हे महानिर्वाणाहून काही कमी भयंकर नाही! आणि तरी ते ऐकताना सासवा हसतात, सासरे हसतात. आमचे मामाही, स्वतः सासरे असून, हसतात. कारण पुढे किल्ली मिळणार आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. ती सासरची मंडळी म्हणजे जीवाला जखडणारे पाश, आणि तो एकटेपणा म्हणजे मुक्ती. भारूडकार किल्ली कंबरेला लावूनच उभा असतो. म्हणून श्रोता कुलुपाला हसू शकतो.

आता भाऊरावाकडे पाहा. त्याने कीर्तनकाराचा वेष घेतला, टाळ घेतले, पूर्वरंग मांडला. कीर्तनात वाढलेला श्रोता सावरून बसला की, आता निरूपण येईल. आणि निरूपण येतच नाही. कुलूप आहे, किल्ली नाही. किंबहुना किल्ली नाही हेच सांगण्यासाठी ते सगळे कुलूप घडविले आहे. ज्यांचा कीर्तनाशी संबंध पुस्तकी, त्यांना या लबाडीत मौज वाटली. ज्यांनी कीर्तनात खरोखर आसरा शोधला होता, त्यांना आपल्याला आमंत्रण देऊन दारातून परत पाठविल्यासारखे वाटले. त्यात एक संशयही मिसळतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अर्थ न सांगणारा मनुष्य समोर हसू लागला म्हणजे ज्याला जन्मभर लोक हसत आले आहेत त्याला प्रथम असेच वाटते की, हे मलाच हसत आहेत. ज्याला तसा अनुभव नाही त्याला अर्थाची घाई नसते. विनोदाला थांबून वाट पाहण्याची जी ऐपत लागते ती बुद्धीची नव्हे, निर्धास्तपणाची असते; आणि निर्धास्तपणा जगात फार विषम वाटला गेला आहे.

कोणी म्हणेल की, मग नाटककाराने किल्ली द्यावी, म्हणजे तंटा मिटेल. माझे म्हणणे तसे मुळीच नाही. मरणाला निरूपण नाही असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते त्याने खोटे निरूपण जोडून देणे हा अप्रामाणिकपणा होईल, आणि महानिर्वाणाचा शेवट उपदेशाने करणारा लेखक मला नको आहे. 2021 सालच्या त्या फाटकाबाहेर तरी कोणते निरूपण होते? तेथला प्रसंग नाटकापेक्षा अधिक असंगत होता. म्हणून दोष मी नाटकाकडे लावीत नाही. प्रेक्षागृहात पुढे बसलेल्या, खदखदून हसणाऱ्या आणि मागे वळून कीव करणाऱ्या आम्हा मंडळींकडे लावतो. आम्ही हसलो याबद्दल नव्हे. हसू ही काही आज्ञेने येणारी गोष्ट नाही आणि ते आल्याबद्दल कोणी कोणाची क्षमा मागू नये. परंतु हसलो म्हणजे आम्हाला नाटक कळले, असे जे आम्ही गृहीत धरले, ते मात्र आमचे आम्हीच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र होते.

मामांचा आणि माझा तो विषय पुढे कित्येक दिवस निघाला नाही. मग एकदा दिवाळीत जेवणे झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनीच विचारले, “मग शेवटी त्याला नेलं का रे, जुन्या स्मशानात?” मी म्हणालो, “कोणाला?” तर म्हणाले, “त्या भाऊरावाला.” मी त्यांना उरलेला अर्धा भाग सांगू लागलो. ज्या जागांना मी नाट्यगृहात हसलो होतो त्या जागा सांगताना मला चमत्कारिक वाटत होते. मामा मात्र एखाद्या नात्यातल्या माणसाची हकीकत ऐकावी तसे ऐकत होते. दोनदा त्यांनी मला थांबविले. एकदा मुलाचे वय विचारले. दुसऱ्यांदा म्हणाले, “आणि त्या बाईकडे मग कोण बघत होतं?”