तोच ग्रंथ पुन्हा कशासाठी?

गेल्या श्रावणात सप्ताहाची समाप्ती झाली. काल्याचा प्रसाद घेऊन घरी आलो आणि ज्ञानेश्वरी रुमालात बांधू लागलो. अकरावीत शिकणारा नातू जवळच होता. “आजोबा, हे कितवं पारायण?” त्याने विचारले. “एकविसावं,” मी चटकन सांगितले. तो म्हणाला, “आमची परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत जातं. तुम्हाला अजून समजलं नाही का?”

घरात सगळे हसले, मीही हसलो. प्रश्न मात्र खोटा नव्हता. जे वाचून झाले ते पुन्हा कशासाठी वाचायचे?

शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये नेवाशाला ही टीका सांगितली गेली. सातशेहून अधिक वर्षे झाली. श्रद्धेमुळे टिकली म्हणावे, तर नुसती श्रद्धा ग्रंथाला हळदकुंकू वाहून फडताळात ठेवते. (तसेही पुष्कळ घरांत होते.) भाषाही सोपी नाही. ‘कीर’ म्हणजे पोपट, असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो होतो. माउलींच्या भाषेत त्याचा अर्थ ‘खरोखर’ असाही होतो, हे फार उशिरा कळले. सार्थ प्रत मीही वापरतो, तिला नावे ठेवणार नाही. पण अर्थ पटकन हाती आला की आपण पुढे जातो, आणि मूळ ओवी थांबवून धरते.

नाथ महाराजांचे या बाबतीत नवल वाटते. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती, भाषा बदलली होती, पोथ्यांत भलते पाठ शिरले होते. ज्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतः एवढी टीका लिहिली, त्यांना ज्ञानेश्वरी आपल्या काळच्या मराठीत नव्याने सांगणे जड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. वर चढलेली धूळ पुसली आणि ग्रंथ होता तसा आपल्या हाती दिला.

याचा उपयोग मला तेराव्या अध्यायात कळला. ज्ञानाची लक्षणे सांगताना गीतेत ‘अहिंसा’ हा एकच शब्द येतो. माउली त्यावर ओव्यांमागून ओव्या सांगतात. अहिंसक माणूस पाऊल कसे टाकतो, पाहतो कसा, बोलतो कसा. पंचविशीत हे वाचले तेव्हा वाटले, आपण माळकरी, मांस-मच्छी वर्ज्य, म्हणजे हा भाग आपल्यापुरता झाला. पुढे चाळिशीत थोरल्या भावाशी बांधावरून बिनसले. वर्ष-दीड वर्ष बोलणे नव्हते, आणि त्याआधी मी जे बोललो होतो ते लिहिण्यासारखे नाही. त्या सप्ताहात बोलण्याविषयीच्या त्याच ओव्या आल्या आणि माझा आवाज बसला. व्यासपीठावरचे महाराज पुढे गेले, मंडळी पुढे गेली, मी तिथेच. ओव्यांत काना-मात्रेचा फरक नव्हता. लहानपणी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करतात ना, तसे झाले. चौकट हलत नाही, म्हणून तर पोर किती वाढले ते कळते. माझे उलटे झाले होते.

लगेच उठून भावाकडे गेलो असे लिहायला आवडले असते. गेलो नाही. बांधाचा वाद आणखी दोन वर्षे चालला. पारायणे करूनही बहिणीचा वाटा दाबणारी माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा ग्रंथ वाचला की माणूस सुधारतो, असे मी कोणाला सांगणार नाही. एवढेच झाले की त्या दिवसानंतर भावाला शिवी देताना मला माझाच आवाज ऐकू येऊ लागला. पहिल्या वाचनात हे झाले नव्हते, आणि ग्रंथ रद्दीत गेला असता तर कधीच झाले नसते.

त्याच अध्यायात, अहिंसेच्या अगदी आधी, ‘अदंभित्व’ आहे. केलेले पुण्य चारचौघांत मिरवू नये, हा त्याचा भाव. तो शब्द एकवीस वेळा वाचला, आणि नातवाने विचारताच आकडा तोंडातून बाहेर पडला.

त्याला उत्तर अजून दिलेले नाही. परवा संध्याकाळी तो शेजारी येऊन बसला, ओळीवर बोट ठेवून थोडे वाचले आणि अडला.

“आजोबा, कीर म्हणजे पोपट ना?”

“पुढे वाच,” मी म्हटले.