वही कोण वाचणार?

1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुलगी मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली. आज आपण तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतो. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं तिने त्यात विचारलं. इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरलं जाई, ते लिहिलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हेही लिहिलं. दीडशेहून अधिक वर्षं उलटली, तरी मराठी गद्याच्या कोणत्याही संग्रहात हा निबंध मानानं बसतो.

मुक्ताकडे पदवी नव्हती. तिच्या आयुष्यात काही मोजकी माणसं मात्र अशी होती की तिला काय म्हणायचं आहे, ते त्यांना मनापासून ऐकायचं होतं.

बारावीचे निकाल लागले की पुण्यात ओळखीचे पालक विचारायला लागतात. मुलीला लेखनातच काहीतरी करायचंय म्हणते, कुठलं कॉलेज घ्यावं? पाठोपाठ प्लेसमेंट काय आहे, नॅकची ग्रेड कोणती, कॅम्पस कसा आहे, इंग्रजीतून आहे ना, हे प्रश्न येतात. मुलीची वही तिथे कोण वाचणार, हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

‘लेखनाची पदवी’ अशा नावाचा अभ्यासक्रम जुन्या महाविद्यालयांत सहसा सापडत नाही. तिथे मराठी किंवा इंग्रजी मुख्य विषय घेऊन बी. ए. करता येतं. पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाच्या पदव्या आहेत. नाटक लिहायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षणाची पदवी आहे. खासगी विद्यापीठांत सर्जनशील लेखनाचे विषय मिळतात. तिथे वर्षाची फी लाखांत जाते आणि शिकवणं इंग्रजीतून होतं. अनुदानित कॉलेजात तीच तीन-चार वर्षं काही हजारांत निघतात. एवढी माहिती कुणीही एका दुपारी गोळा करू शकतो, आणि एवढ्यावर निर्णय घेणं म्हणजे इमारत बघून मास्तर निवडणं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. लेखक काय कॉलेजात घडतात का? अण्णा भाऊ साठे शाळेत टिकले नाहीत, बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. अनिल अवचट बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले. रंगभूमीवरचे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे तिथलेच, नाटककार सतीश आळेकर त्याच कॉलेजात जीवरसायनशास्त्रात नोकरीला होते. मग लेखनाच्या पदवीची गरजच काय? पण बी. जे.च्या त्या मंडळींचं दुसरं शिक्षण कुठे चाललं होतं, ते पाहा. संध्याकाळच्या तालमी, एकमेकांच्या संहिता फाडून पुन्हा लिहायला लावणारे मित्र, आणि ‘हे जमलं नाही’ असं तोंडावर सांगणारं शहर त्यांना लाभलं होतं. लेखकाला वाचणारा माणूस लागतोच. ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, काका संपादक आहेत, आजी दिवाळी अंक वाचते, त्याला तो घरात मिळतो. पाथर्डीहून किंवा गेवराईहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला तो कॉलेजानेच द्यायला हवा. तिच्यासाठी दुसरी जागा नाही. म्हणून लेखनाच्या शिक्षणाचा प्रश्न मी न्यायाचा प्रश्न मानतो.

पुण्याच्या इतिहासातलं एक वर्ष या संदर्भात विसरता येत नाही. 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना निमंत्रण धाडलं आणि जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारलं. जे ग्रंथकार सर्व माणसांचे हक्क उघडपणे मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. एका बाजूला उच्च शिक्षणाचं दार उघडत होतं, दुसऱ्या बाजूला ते कुणासाठी उघडतंय असा सवाल उभा होता. आज दार कायद्याने सर्वांना खुलं आहे. मुलगी आत येते, हजेरीपटावर तिचं नाव लागतं. पण तिचं जगणं कागदावर येऊ दिलं जातं का?

एका कॉलेजच्या वार्षिकासाठी आलेला एक लेख मी जवळून पाहिला आहे. लिहिणारी दुसऱ्या वर्षाची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. पहिला खर्डा गुळगुळीत होता. कामगारांचं जीवन हालअपेष्टांचं असतं, शासनाने लक्ष दिलं पाहिजे, अशी पानभर वाक्यं. स्पर्धा परीक्षेच्या निबंधात शोभतील अशी, आणि तिची स्वतःची एकही नाही. बाईंनी ‘छान’ असा शेरा मारून वही परत केली नाही. समासात फक्त प्रश्न लिहिले. आई किती वाजता उठते? कोपीत चूल कुठे मांडता? आगाऊ उचल किती घेतली, मुकादमाने ती कुठे लिहून ठेवली? फडात तू धाकट्याला कुठे ठेवत होतीस? मुलगी आठवडाभर आलीच नाही. मग दुसरा खर्डा घेऊन आली. त्यात पहाटेच्या अंधारात गाडीला जुंपलेले बैल होते, उसाच्या पाचटावर गोधडी टाकून निजवलेला भाऊ होता, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हा हिशेब होता. आई आजारी पडली की कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही, हे तिने कोणतंही विशेषण न वापरता लिहिलं. बाईंनी तिसऱ्यांदा वही मागितली. तो लेख छापला गेला तेव्हा त्यात तिच्या बोलीची क्रियापदं तशीच ठेवली होती, आणि ‘शुद्ध’ करण्याचा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्यांशी बाई त्यासाठी भांडल्या होत्या.

लेखनाचं शिक्षण म्हणजे हे तीन खर्डे आणि ते वाचायला लागलेला बाईंचा वेळ. दुसरं काही नाही.

आणि हा वेळच आपण महाविद्यालयांतून काढून घेतला आहे. मराठीच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक त्या ओढत आहेत. ज्याला तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने थकतात, आणि जो सकाळी एका कॉलेजात तर दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावतो, त्याने साठ मुलांचे खर्डे कधी वाचायचे? मग अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून गाइड येतं. कादंबरी न वाचता कादंबरीवरचं उत्तर लिहिलं जातं आणि त्याला गुणही मिळतात. आता तर मोबाइलवर दोन ओळी टाकल्या की पानभर निबंध तयार होतो. तो मुलाने लिहिला की यंत्राने, हे ओळखायला मुलाची आधीची वही वाचलेली असावी लागते. ज्या शाळा-कॉलेजांत वही कुणी वाचतच नव्हतं, तिथे यंत्राने नवं काही बिघडवलेलं नाही.

वाचणाऱ्याबरोबर खरं बोलणाराही लागतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. तिथे इंजिनिअरिंगची, कॉमर्सची मुलं स्वतः एकांकिका लिहून उभ्या करतात. 2022 साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर शहरात मोठा वाद झाला, मुलांच्या उमेदीचं काय असं लोकांनी विचारलं. मुलांना वाईट वाटलं असणारच. तरीही माझं मत परीक्षकांच्या बाजूने आहे. जिथे प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळतं तिथे कुणाचं लेखन कुणी वाचलेलं नसतं.

तेव्हा पालकांनो, प्रवेशाआधी एक दिवस काढा आणि मुलीसोबत कॉलेजात जा. वेबसाइट आणि माहितीपत्रक घरी ठेवा. ग्रंथालयात जाऊन कथा-कादंबऱ्यांच्या चार पुस्तकांचं मागचं पान उघडा, शेवटचा तारखेचा शिक्का कधीचा आहे ते पाहा. मागच्या तीन वर्षांची वार्षिकं मागा. त्यांत प्राचार्यांचे आणि पाहुण्यांचे फोटो किती आणि मुलांनी लिहिलेली पानं किती, हे दहा मिनिटांत कळतं. मग कट्ट्यावर बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: या सत्रात तुम्ही काय लिहिलंत, ते कुणी वाचलं, शेरा काय मिळाला? एखाद्या मुलीने पिशवीतून खुणा केलेला कागद काढून दाखवला, तर ते कॉलेज घ्या, मग त्याची ग्रेड काहीही असो आणि इमारतीचा रंग उडालेला असो. मुलीने मराठीतून लिहायचं ठरवलं असेल तर ‘त्यात काय स्कोप’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. मुद्रितशोधन, अनुवाद, मुलाखत, वृत्तलेख हे सगळं अकरावी-बारावीच्या पुस्तकात उपयोजित मराठी म्हणून आलं आहे, आणि ही कामं नीट करणारी माणसं आजही शोधावी लागतात.

संस्थाचालकांकडेही मागणं आहे. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा अनेक कॉलेजांनी फलक लावले. त्या फलकांखालच्या मराठी विभागांत पूर्णवेळ शिक्षक नेमा, एका शिक्षकाकडे वाचता येतील एवढ्याच वह्या द्या, आणि वही वाचण्याचा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरा. हे होत नाही तोवर त्या विभागाच्या प्रवेश अर्जावर सही करण्याआधी प्रत्येक पालकाने खिडकीतल्या माणसाला एवढंच विचारावं: माझ्या मुलीची वही इथे कोण वाचणार, त्यांचं नाव सांगा.